ज्याचं घर, त्याचा शब्द

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी आधी सरळ नाही म्हटलं होतं.

२५ जुलै २०२१, रविवार. प्रार्थनामंदिरं तेव्हा बंद होती. उपासना मोबाईलवर व्हायची आणि मी कॅमेरा बंद ठेवून बसायचे. त्या संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः रत्नागिरीच्या आमच्या घरी आले आणि पडवीतच उभे राहून म्हणाले, "उद्या पहाटे चिपळूणला टेम्पो जातोय, पुराचा गाळ काढायला. तुम्ही हव्या आहात." मी म्हटलं, "मला नाही जमणार." त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

एप्रिलच्या अखेरीस माझे यजमान कोविडने गेले. दफनभूमीच्या गडग्याबाहेर उभं राहून मी लांबून पेटी पाहिली. पीपीई घातलेल्या माणसांनी माती लोटली. मला चेहरा बघता आला नाही, हात लावता आला नाही. त्या दिवसापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ आली की मी गप्प व्हायचे. पुढची ओळ आली की परत सुरू करायचे. घरात कोणाला कळत नसे, देवाला कळत असणार.

अशा बाईला सेवेला कशाला न्यायचं, असं मी पाळकसाहेबांना विचारलंही. ते म्हणाले, "मुलांना फावडं कळतं, घर कळत नाही. तिथे घर कळणारं माणूस लागणार आहे."

ते गेल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "जा." माझा नवरा गेला होता तसा त्यांचा मुलगाही गेला होता, आणि त्यांचं रडणं माझ्यापेक्षा जुन्या वळणाचं होतं, पहाटे उठून एकटीने करायचं. "मन आहे का, असं कुठे विचारलं त्यांनी? ये म्हणाले. जा." मी रात्री पिशवी भरली.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला दाखला आहे. बाप दोन्ही मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक 'जातो' म्हणतो आणि जात नाही. दुसरा 'नाही' म्हणतो, मग पस्तावतो आणि जातो. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं, असं येशू विचारतो. रविवारच्या शाळेत मी हा दाखला मुलांना कितीतरी वेळा शिकवलाय. त्या रात्री मात्र वेगळंच लक्षात आलं. मळ्यात उतरल्यावर त्या मुलाला कामाची गोडी लागली का, बापाशी त्याचं पुन्हा जमलं का, याबद्दल येशू अवाक्षर काढत नाही. तो गेला, एवढंच आहे. मला तेवढं पुरेसं वाटलं.

हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे. वाटेत टेम्पोत पाळकसाहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. बॅनर नाही आणि स्वतःचे फोटो नाहीत. पत्रकं नाहीत. आणि ज्या घरात शिरू तिथे त्या घरच्या माणसाचा शब्द शेवटचा. काय टाकायचं, काय ठेवायचं, आधी काय करायचं, हे आपण ठरवायचं नाही.

पत्रकांवरून आदल्या रात्रीच मंडळीत बोलाचाली झाली होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांचं म्हणणं होतं की शुभवर्तमानाच्या पुस्तिका बरोबर न्याव्यात, दुःखात माणूस ऐकतो. काका प्रामाणिक आहेत. आयुष्यभर स्वतःच्या पगारातून त्यांनी गरिबांच्या मुलांच्या फिया भरल्या, तेही गाजावाजा न करता. पण ज्याच्या घरात गुडघाभर चिखल आहे, त्याला हातात आलेला कागद नाकारता येत नाही. समोरच्याने फावडं धरलेलं असताना तो नाही कसं म्हणणार? पाळकसाहेबांचा निर्णय मला तेव्हा पटला आणि आजही पटतो. कोणी आपणहून विचारलं तर सांगावं. विचारलं नाही तर गाळ काढावा.

त्या आठवड्यात काय झालं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात. मंगळवारी आषाढी एकादशी, बुधवारी बकरी ईद, आणि बुधवारच्या रात्री सह्याद्रीवर पाऊस कोसळला. वाशिष्ठी घाटातून उतरते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरती असली की खाडी वर रेटते आणि नदीला उतरायला वाट राहत नाही. कोयनेच्या विजेसाठी वापरलेलं पाणीही कोळकेवाडीकडून याच नदीत येतं. २२ जुलैला, गुरुवारी पहाटे, माणसं जागी झाली तेव्हा पाणी उंबऱ्यात होतं, आणि बघता बघता काही भागांत ते पहिल्या मजल्याला टेकलं. कोणाचं पाणी किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यावर कोणी बोलत नव्हतं. बोलायची ताकद कोणात उरली नव्हती.

बाजारपेठेत दोन्ही बाजूंना सामानाचे डोंगर होते. गाद्या, फ्रीज, औषधाच्या दुकानातली खोकी, भिजून फुगलेल्या तांदळाची पोती, शाळेची दप्तरं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही त्या पाण्यात गेली. २००५ च्या पुरातही गेली होती. सगळ्याला एकच वास, डिझेलचा, गटाराचा आणि आंबलेल्या धान्याचा. महामार्गालगत मदतीचे ट्रक उभे होते आणि नाक्याजवळच्यांना तीन तीन वेळा बिस्किटं मिळत होती. आतल्या आळ्यांत प्यायचं पाणी नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग तर रस्त्यावरच ओले होऊन पडले होते, आणि तो कचरा उचलायला पुन्हा माणसं लागली. मदत पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण काय हवंय हे आधी विचारलं असतं तर लोकांनी पाण्याच्या टाक्या, खराटे आणि गमबूट मागितले असते.

आमच्या वाट्याला आलं ते बाजारपेठेच्या मागच्या आळीतलं जांभ्या दगडाचं जुनं घर. आजी आणि त्यांचा मुलगा. ती रात्र आणि पुढचा सगळा दिवस दोघांनी माळ्यावर काढला होता. आजींच्या तळहाताला पत्र्याने खोल कापलेलं, त्यावर पट्टी. हात घाण पाण्यात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उंदरांच्या लघवीतून लेप्टो या तापाचे जंतू पाण्यात उतरतात आणि कातडीला चीर असली की तिथून आत शिरतात. आरोग्यसेविका घरोघर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देत होत्या. आम्हीही घेतल्या.

मुलं लगेच फावडी घेऊन पुढे सरसावली. आजी दारातच म्हणाल्या, "थांबा. आधी फोटो काढा." त्यांचं बरोबर होतं. तलाठ्याचा पंचनामा व्हायचा होता, आणि टाकून दिलेल्या फ्रीजचा पंचनामा होत नाही. आम्ही खोली खोलीचे फोटो घेतले. मेन स्विच बंद असल्याची खात्री केली, गॅसचा सिलिंडर बाहेर ठेवला. मग दारापासून आतपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी केली. आधी सामान, मग गाळ.

पुराच्या गाळाचं एक आहे, तो ओला आहे तोवरच तुमचा. दोन दिवस ऊन लागलं की जमिनीला असा धरतो की पहारीने फोडावा लागतो. म्हणून वर पाणी मारत राहायचं, सर्वांत आतल्या खोलीपासून सुरुवात करायची आणि दाराकडे ओढत आणायचं. भिंती वरून खाली धुवायच्या. शेवटी ब्लीचिंग पावडर. मुलं घमेली भरत होती, रांगेने बाहेर देत होती. माझं काम आजींच्या शेजारी बसायचं. प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर यायची आणि त्या सांगायच्या, ठेव किंवा टाक.

पाळकसाहेबांनी मला कशासाठी आणलं ते तिथे उमगलं. फुगून उखडलेलं प्लायवुडचं कपाट मुलांच्या दृष्टीने कचरा होता. आजींच्या दृष्टीने त्यातल्या खालच्या खणात घराची कागदपत्रं होती, आणि ती आधी यायला हवी होती. रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून वीट झाले होते. ते तसेच ओढले की चेहरे निघून येतात. स्वच्छ पाण्यात ठेवायचे, आपणहून सुटतील तसे सोडवायचे, सावलीत दोरीला लावायचे. एका फुटक्या बरणीबद्दल त्या म्हणाल्या, "ठेव." का, ते मी विचारलं नाही. धुतली आणि ठेवली. दिवसभर हे चाललं. एखाद्या मुलाच्या कपाळावर आठी दिसायची, एवढं काम पडलंय आणि आजी बरणी धुवायला लावतात म्हणून. मग पाळकसाहेब त्याच्याकडे नुसतं बघायचे.

मला विचाराल तर आज्ञा पाळण्याची खरी कसोटी तिथे लागली, एवढ्याशा गोष्टींत. चिपळूणला ये, हे ऐकणं सोपं होतं, कारण ते मोठं होतं आणि त्यात मान होता. पाठ भरून आलेली असताना, तुमच्या अंदाजाने बिनमहत्त्वाच्या वस्तूसाठी आजींचं ऐकणं अवघड. तिथे तुम्ही मोठे नसता. तुमचं शहाणपण कोणी मागितलेलं नसतं.

पलीकडचं घर मुस्लिम कुटुंबाचं. ईदचं मटण फ्रीजमध्ये तसंच राहून सडलं होतं. ते खोदून पुरायचं काम आमच्या दोन मुलांनी केलं, आणि त्या घरच्या पोरांनी दुपारी आमच्या सगळ्यांसाठी खिचडीचं पातेलं कुठून तरी आणलं. आजींनीही ती खाल्ली.

दुपारनंतर मुलगा पंचनाम्याच्या चौकशीला गेला होता. आजींनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. भिंतीतला देव्हारा, त्यात गच्च गाळ. "माझे देव आहेत तिथे," त्या म्हणाल्या. "हात हा असा. तू धुऊन देशील? तुमच्यात चालतं का गो?"

माझ्याजवळ आमच्या तरुण संघातला एक मुलगा उभा होता. तो प्रौढपणी विश्वासात आलेला. ते देव सोडताना त्याने घर सोडलं होतं, बापाचा शेवटचा निरोप घेता आला नव्हता. तो हळूच म्हणाला, "ताई, मला नाही जमणार." त्याचा आवाज थरथरत होता. पाळकसाहेब जवळ आले. त्यांनी त्याला समजवायला सुरुवात केली नाही. रोमकरांस पत्रात पौलाने भावाच्या मनावर जबरदस्ती न करण्याबद्दल लिहिलंय, ते त्यांना पाठ असणार. "टँकरवरून स्वच्छ पाणी आण," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तुमच्या मनाला विचारा. मी सांगणार नाही."

मला पहिली आज्ञा पाठ आहे. दुसरीही. मूर्तीपुढे वाकू नको, तिची सेवा करू नको. माझ्या आजेसासऱ्यांनी त्या आज्ञेसाठी काय काय सोसलं ते मी ऐकून आहे, आणि ते हलकं करायची माझी इच्छा नव्हती. पण नामान या अरामी सेनापतीची गोष्टही शास्त्रातच आहे. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा असावी. आणि संदेष्टा त्याला रागावत नाही, शांतीने जा म्हणतो. आजींनी तर मला वाकायलाही सांगितलं नव्हतं. पूजा कर म्हटलं नव्हतं. एका जखमी हाताच्या म्हातारीने तिच्या घरातली सर्वांत जवळची वस्तू चिखलातून काढून द्यायला सांगितलं होतं, आणि तेही आधी माझ्या धर्माची चौकशी करून.

मी म्हटलं, "देते, आजी."

घमेल्यात नाही, परातीत. मी परात आधी दोनदा घासून घेतली. तो मुलगा पाण्याची कळशी भरून आणत राहिला, उंबऱ्याबाहेर ठेवून जात राहिला. जुन्या टूथब्रशने मी खाचांतला गाळ काढला. बाळकृष्ण, घंटा, शंख, दोन टाक. एकेक पुसून मी आजींच्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवत होते. देव्हाऱ्यात मी ठेवले नाहीत. ते त्यांनी केलं, डाव्या हाताने.

"अन्नपूर्णा नाही," त्या म्हणाल्या. ती माहेरहून आलेली, लग्नात. बोटाएवढी.

मग आम्ही तिला शोधलं. देव्हाऱ्यातला गाळ ज्या ढिगात गेला होता तो ढीग मी आणि आणखी दोघींनी हातमोजे घालून चिवडला, चाळणीतून पाण्याने गाळला. लूककृत शुभवर्तमानात एक बाई हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावते, घर झाडते. संध्याकाळचा उजेड गेल्यावर आम्हीही टॉर्च लावले. तिला नाणं सापडतं आणि ती शेजारणींना बोलावते. आम्हाला अन्नपूर्णा सापडली नाही. आजी बराच वेळ बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "राहू दे. नदीला गेली. घरात दाणा नाही, ती तरी थांबून काय करणार."

हात धुताना त्यांनी विचारलं, "मालक काय करतात तुझे?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "बघू दिलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती कळशी घे आणि पाय धू नीट. बोटांच्या मधे राहिलाय चिखल." मी धुतले.

मुक्कामाला आम्ही सावर्ड्याकडे ओळखीच्या घरी होतो. रात्री वीज नसायची, टिळकांची भजनं व्हायची. नारायण वामन टिळक याच मातीतले, १८६१ साली दापोली तालुक्यातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भजन, अभंग ही आपली चाल मराठी मंडळीत आणली. त्या चालींना पेटी लागत नाही, टाळ्या पुरतात. शेवटी प्रभूची प्रार्थना. एका रात्री मी ती सबंध म्हटली, मधली ओळ न सोडता. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा प्रार्थना संपून गेली होती. म्हटली म्हणजे पटली, असं मी म्हणणार नाही. यजमानांबद्दल माझे देवाला प्रश्न आहेत आणि ते मी त्यालाच विचारते. पण त्याच्याशी बोलणं तेव्हापासून पुन्हा सुरू झालं, आणि गाळात काम करत असताना झालं, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

परत आल्यावर काकांचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलं होतं. "तुम्ही मूर्ती धुतल्या म्हणे." मी हो म्हटलं आणि का, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मला पटत नाही, बाई. आज धुणं, उद्या हार घालणं. रेघ कुठे मारणार?" मी म्हटलं, रेघ आजींनीच मारली होती. त्यांनी धुवायला सांगितलं, पूजेचं नाव काढलं नाही. काका म्हणाले, प्रत्येक वेळी समोरचं माणूस असं समजूतदार नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही. आमच्यात जे पिढ्यांनी सोसून मिळवलंय ते एका दुपारच्या भरात सैल होऊ नये, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. तरी आजींनी पुन्हा सांगितलं तर मी पुन्हा धुईन.

गणपतीच्या आधी आम्ही परत चिपळूणला गेलो, भिंतींना चुना काढायला. ओलीच्या भिंतीवर डिस्टेंपर धरत नाही, पापुद्रे सुटतात. चुना धरतो. या वेळी काका आपणहून टेम्पोत बसले. वाटेत कोणी पत्रकांचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

आजींच्या माजघरात २००५ च्या पुराची रेघ आहे, त्यांच्या यजमानांनी खिळ्याने ओढलेली. २०२१ च्या पाण्याचा डाग तिच्याही बराच वर. काका शिडीवर चढले तेव्हा आजींनी खालून सांगितलं, "ती रेघ सोडा हां. आणि वरचा डागही थोडा राहू दे. नातवंडांना दाखवायला." काकांनी खाली बघून विचारलं, "केवढा सोडू?" आजींनी हाताने वीतभर दाखवलं. पट्टी सुटली होती हाताची. काकांनी वीतभर पट्टा सोडून बाकीच्या भिंतीला चुना लावला. संध्याकाळपर्यंत माजघर झालं, स्वयंपाकघर दुसऱ्या दिवसावर राहिलं.